अण्णांची कवळी आणि वॉशिंग्टनचे दात

गेल्या महिन्यात सांगलीचं घर आवरायला गेले होते. अण्णांच्या कपाटात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागे एक निळा प्लॅस्टिकचा डबा सापडला. उघडला तर आत कवळी. वरची आणि खालची. इतकी वर्षं कोरडी पडून राहिल्यामुळे गुलाबी रंग विटला होता, दात मात्र अगदी होते तसे. आत्या शेजारीच बसली होती. म्हणाली, "टाकून दे गं ते. कसली आठवण ठेवायची ही!"

मी टाकलं नाही. त्या डब्यामागे एक गोष्ट आहे, थोडी माझी आणि बरीचशी इतिहासाची. बरेच दिवस लिहायची होती, आज लिहून टाकते.

आमचे अण्णा इतिहासाचे शिक्षक. नात्यातल्या मंडळींना हे सांगायला नकोच, कारण त्यांच्यापैकी निम्म्यांनी अण्णांच्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना ते एक किस्सा हमखास सांगायचे. जॉर्ज वॉशिंग्टनचे दात लाकडाचे होते म्हणून तो कधी हसत नसे, आणि म्हणून नोटेवरच्या चित्रात त्याचे ओठ असे घट्ट मिटलेले. मग अण्णा स्वतः ओठ तसे मिटून दाखवायचे आणि वर्ग खो खो हसायचा. तेव्हा त्यांचे स्वतःचे दात शाबूत होते.

१९९० साली त्यांना मधुमेह निघाला. मधुमेह आणि हिरड्या यांचं काय नातं असतं ते तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. रक्तात साखर वाढलेली राहिली की हिरड्यांचा आजार बळावतो, दाताभोवतीचं हाड झिजतं आणि किड न लागलेला दातसुद्धा हलायला लागतो. आम्ही आपले "वय झालं" म्हणत राहिलो. एकेक करून सगळे दात गेले आणि २००८ साली, बहात्तराव्या वर्षी, अण्णांना पूर्ण कवळी बसली.

आता माझ्या अपराधाकडे येते. अण्णांना कवळी आवडायची नाही. जेवण झालं की काढून वाटीत ठेवायचे आणि बोळक्या तोंडानं पेपर वाचत बसायचे. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भिडायला आलेली. मला ते बघवत नसे. खरं सांगायचं तर लाज वाटायची. २०११ साली धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अण्णा, ती कवळी सारखी काढत जाऊ नका हो. चारचौघांत बरं दिसत नाही. घातलेलीच असू द्या." ते काही बोलले नाहीत. फक्त मान हलवली.

वर्षभरानं तक्रार सुरू झाली. तोंडात आग होते, तिखट लागत नाही, भाकरी चावत नाही. मग आई त्यांना मऊ मऊ द्यायला लागली. गुरगुट्या भात, शिरा, चहात बुडवलेली बिस्किटं. साखर वाढली. गोळ्या वाढल्या. तोंडाची आग काही कमी होईना. शेवटी त्यांना पुण्याला आणलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कवळी काढून टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. टाळू लालभडक. आणि तो लाल भाग कसा, तर अगदी कवळीच्या आकाराचा! जिथं कवळीची कड संपते तिथं लाली संपलेली, जणू कुणी पेनानं गिरवून आत रंग भरला होता.

बाईंनी अण्णांना एकच प्रश्न विचारला. "आजोबा, रात्री कवळी काढून ठेवता का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "नाही. हिनं घातलेलीच ठेवा म्हणून सांगितलं ना."

तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात. शिक्षक माणूस, सांगितलेलं मनापासून पाळायचं एवढंच. वर्षभर रात्रंदिवस ती कवळी त्यांच्या टाळूला चिकटून होती, आणि ती मी चिकटवली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. असं काही झालं की मी वाचायला बसते, ही सवय अण्णांचीच. टाळूवर ते कवळीचं चित्र कशानं उमटलं, माणसं पूर्वी तोंडात काय काय घालत होती, आणि हा रात्रीचा प्रश्न डॉक्टर कधीपासून विचारतायत, ते शोधत गेले. सुरुवात अर्थातच वॉशिंग्टनपासून केली.

पहिलाच धक्का म्हणजे वॉशिंग्टनचे दात लाकडाचे नव्हतेच. १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. बाकीच्या कवळ्या पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेल्या, शिशाच्या नाहीतर सोन्याच्या पट्टीवर बसवलेल्या, आणि त्यात गाईगुरांचे आणि माणसांचेही दात. ही माणसं कोण? १७८४ च्या त्याच्या हिशेबाच्या वहीत नऊ दातांसाठी निग्रोंना पैसे दिल्याची नोंद आहे. म्हणजे त्याच्या मळ्यावरचे गुलाम. ते दात त्याच्याच कवळीत बसले का, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. पण ज्यांना "नाही" म्हणायची सोय नव्हती त्यांच्याकडून घेतलेले ते दात, एवढं नक्की. युरोपातही वेगळं नव्हतं. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून विकले गेले आणि पुढं कितीतरी वर्षं अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' हेच नाव पडलं.

लाकडाची कवळी मात्र खरोखर होती, फक्त ती अमेरिकेत नव्हती. जपानमधल्या वाकायामा इथल्या एका बौद्ध भिक्षुणीची, नाकाओका तेई यांची लाकडी कवळी आजही जपून ठेवलेली आहे. त्या १५३८ साली वारल्या. एका अखंड तुकड्यातून कोरलेली, टाळूला नेमकी बसणारी कवळी, युरोपातल्यांना तसं काही जमायच्या कितीतरी आधीची.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा तोंडाला औषध लावून बसले होते. म्हणाले, "म्हणजे तीस-पस्तीस वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं की!" आणि बोळक्या तोंडानं इतके हसले की औषध गालावर आलं.

पण मला सापडलेली खरी गंमत पुढंच आहे. वॉशिंग्टनचा दंतवैद्य जॉन ग्रीनवुड. १७९८ च्या डिसेंबरात त्यानं वॉशिंग्टनला एक पत्र लिहिलं. दुरुस्तीला आलेली कवळी काळी पडली होती. ग्रीनवुड लिहितो की हा पोर्ट वाइनचा प्रताप आहे, तुम्ही कवळी तिच्यात भिजवता तरी किंवा ती पिता तरी. ही दारू आंबट असते, ती कवळीची चकाकी, म्हणजे वरचा गुळगुळीतपणा खाऊन टाकते. आणि मग सल्ला देतो, जेवण झाल्यावर ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवा आणि दुसरी घाला, नाहीतर ब्रशनं आणि खडूच्या बारीक पुडीनं साफ करा.

मी ते वाचून थक्क झाले. काढून ठेवा, पाण्यात ठेवा, ब्रशनं घासा, गुळगुळीतपणा जपा. दोनशे चौदा वर्षांनी पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शब्दाला शब्द हेच सांगितलं होतं. आणि ग्रीनवुडला जंतू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं!

ठाऊक नसलं तरी नाकाला कळत होतं. सुळ्याच्या कवळ्या कुजायच्या. हस्तिदंत काय किंवा पाणघोड्याचा सुळा काय, शेवटी तो प्राण्याचाच दात. लाळेत भिजतो, डाग धरतो, त्याला वास येतो. पॅरिसजवळ ड्युशातो नावाचा एक औषधविक्या होता. त्याच्या सुळ्याच्या कवळीला दुकानातल्या औषधांचे वास चिकटायचे आणि ते जाता जात नसत. वैतागून त्यानं १७७४ च्या सुमारास चिनी मातीची कवळी करून घ्यायचा घाट घातला. ड्युबुआ द शेमाँ या दंतवैद्यानं ती कल्पना उचलली, सुधारली आणि तिचं पेटंट मिळवलं. भट्टीत चिनी माती आक्रसते, त्यामुळे ती कवळी तोंडात नीट बसत नसे, तडकायची, वर जड आणि महाग. पण बघा हं, चिनी मातीचे दात जन्माला आले ते दिसण्याच्या हौसेतून नव्हे, दुर्गंधीच्या त्रासातून. कवळीच्या पदार्थाचा विचार पहिल्यांदा स्वच्छतेच्या बाजूनं केला तो एका औषधविक्यानं, स्वतःच्याच तोंडाला कंटाळून.

त्यानंतरचा इतिहास मात्र किमतीचा आहे. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयरनं गंधक घालून रबर पक्कं करण्याचं पेटंट घेतलं. १८५१ मध्ये त्याचा भाऊ नेल्सन यानं गंधकाचं प्रमाण वाढवून टणक रबराचं पेटंट घेतलं, तेच व्हल्कनाइट. त्याच सुमाराला, १८४६ मध्ये, बॉस्टनला ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली गेली आणि तीही मॉर्टन या दंतवैद्यानं. दोन गोष्टींची गाठ पडली. दात न दुखता काढता येऊ लागले, आणि साच्यात घालून वाफेवर शिजवलेली, तोंडाला नेमकी बसणारी कवळी सामान्य माणसाला परवडू लागली. सोन्याच्या पट्टीची ऐपत नसलेला कारकून, शिक्षक पहिल्यांदा खोटे दात लावून जेवू लागला.

स्वस्त वस्तू आली की तिच्यावर हक्क सांगणाराही येतो. अमेरिकेत एका कंपनीनं व्हल्कनाइटच्या कवळीचं पेटंट हातात घेऊन प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केली. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून न देणाऱ्यांवर खटले भरायचा. १८७९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्यानं त्याला गोळी घातली. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि भांडण मिटलं. कवळीपायी खून! हा किस्सा अण्णांना इतका आवडला की फोनवर प्रत्येकाला सांगत सुटले.

व्हल्कनाइटमध्ये दोन खोड्या होत्या. एक म्हणजे रंग. ते रबर मूळचं काळपट, हिरडीसारखं दिसावं म्हणून त्यात हिंगूळ घालत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक! दुसरी खोडी आपल्या विषयाची. व्हल्कनाइट सच्छिद्र. लाळ शोषून घ्यायचं, आणि लाळेबरोबर जे जे येतं ते सगळं आत मुक्कामाला. वरून कितीही घासा, वास जात नसे. ड्युशातोची तक्रार शंभर वर्षांनी पुन्हा होती तिथंच आली. मधे सेल्युलॉइडही येऊन गेलं. ते दिसायला सुंदर, पण वाकायचं, रंग बदलायचं आणि तोंडात कापराची चव सोडायचं.

शेवटी अ‍ॅक्रिलिक आलं. लढाऊ विमानातल्या वैमानिकाच्या डोक्यावरची ती पारदर्शक काच असते ना, तेच द्रव्य. १९३७ च्या सुमारास ते कवळीसाठी वापरून पाहिलं गेलं आणि दहा वर्षांच्या आत जवळजवळ सगळ्या कवळ्या त्याच्याच होऊ लागल्या. पूड आणि द्रव कालवायचं, कणकेसारखा गोळा झाला की साच्यात दाबायचा आणि गरम पाण्यात सावकाश शिजवायचा. रंग हुबेहूब हिरडीचा, वजन हलकं, मोडलं तर जोडता येतं. शरीराशीही त्याचं वैर नाही. १९४९ मध्ये हॅरॉल्ड रिडलीनं लंडनला डोळ्यात जे पहिलं भिंग बसवलं ते याच द्रव्याचं होतं.

मग अण्णांच्या टाळूला झालं काय? दोष अ‍ॅक्रिलिकचा म्हणायचा का? बाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "कवळीचा दोष थोडा, तिच्यावर जे वाढतं त्याचा जास्त."

तोंडातली ही वस्ती पहिल्यांदा पाहिली ती डेल्फ्टच्या लेव्हेनहुकनं. १६८३ मध्ये त्यानं आपल्याच दातांवरचा पांढरा मळ काढून भिंगाखाली धरला आणि वळवळणारे इवलेसे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. आयुष्यात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातलाही मळ त्यानं तपासला. तिथं तर जत्राच भरली होती! तोंडातल्या जंतूंचा पद्धतशीर अभ्यास व्हायला मात्र त्यानंतर दोनशे वर्षं गेली. कॉकच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत काम केलेल्या मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं १८९० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

अण्णांच्या टाळूवरची वस्ती होती कॅन्डिडा नावाच्या बुरशीची. हे नाव १९२३ मध्ये क्रिस्टीन बर्खाउट या डच बाईंनी दिलं, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पांढरी. ही बुरशी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात असते आणि काही त्रास देत नाही. लाळ तिला धुऊन काढत असते, शेजारचे जंतू तिला वाढू देत नाहीत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारा देतात. हे तीन पहारेकरी हजर असेपर्यंत ती गरीब पाहुण्यासारखी कोपऱ्यात पडून राहते.

आता त्या टाळूवर कवळी चढवा. कवळी आणि टाळू यांच्या मधल्या सांदीत लाळ शिरत नाही. तिथं उबदार, ओलसर, किंचित आंबट अशी जागा तयार होते. अ‍ॅक्रिलिकचा टाळूकडचा भाग तसाही पॉलिश केलेला नसतो, कारण तो टाळूच्या प्रत्येक उंचवट्याला बसायला हवा. प्रयोगांमधून असं दिसलं आहे की खडबडीतपणा सुमारे ०.२ मायक्रॉनच्या पुढं गेला की जंतूंचा थर वाढत जातो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बोटाला काचेसारखं गुळगुळीत लागणारं अ‍ॅक्रिलिक या बुरशीच्या पेशीला डोंगरदऱ्यांसारखं असतं. दरीत एकदा पेशी बसल्या की स्वतःभोवती चिकट थर विणतात, आणि त्या थराखाली औषधसुद्धा नीट पोचत नाही.

आणि त्यात मधुमेह. साखर ताब्यात नसली की लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं. जी काही लाळ उरते तिच्यात साखरेचा अंश वाढतो, आणि बुरशीला तर तेच हवं असतं. पांढऱ्या पेशींचा पहाराही ढिला पडतो. म्हणजे तिन्ही पहारेकरी एकाच वेळी रजेवर, आणि वर पाहुण्याला पंगत वाढलेली! सुश्रुतसंहितेच्या काळापासून आपल्याकडे मधुमेहाची ओळख गोडव्यावरून आहे, मुंग्या लागतात म्हणून. तोंडाच्या आत लागणाऱ्या या मुंग्या दिसत नाहीत एवढाच फरक.

आमच्या घरात हे चक्र कसं फिरत होतं ते आता लख्ख दिसलं. बुरशीनं टाळू सोललेला, म्हणून भाकरी-उसळ बंद. म्हणून शिरा आणि बिस्किटं. म्हणून साखर वर. म्हणून बुरशी आणखी जोमात. आणि या सगळ्याला झाकण घालून रात्रभर चोवीस तास पुरे करणारी कवळी. १९३६ मध्येच कान नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी कवळीखालच्या या दुखऱ्या टाळूचं नातं कॅन्डिडाशी जोडलं होतं. म्हणजे अण्णा जन्मले त्याच वर्षी. ही माहिती माझ्यापर्यंत पोचायला अख्खा जन्म लागला.

आणखी एक गोष्ट उघडकीला आली. अण्णा कवळी घासायचे कशानं, तर राखुंडीनं! लहानपणापासून दातांना तीच लावली, मग कवळीनं काय पाप केलं? मनगटाचा जोर लावून रोज घासायचे. बाईंनी उजेडात धरून दाखवलं, सगळ्या कवळीवर बारीक चरेच चरे. आमच्या अण्णांना पोर्ट वाइन ठाऊक नव्हती, पण वॉशिंग्टनच्या कवळीची चकाकी वाइननं घालवली तशी अण्णांच्या कवळीची राखुंडीनं घालवली. दातावरचं कवच टणक असतं, अ‍ॅक्रिलिक त्याच्यापुढं मऊ. साधी टूथपेस्टसुद्धा त्याला ओरखडते.

औषध दिलं ते बुरशीवरचं. त्या जातीचं पहिलं औषध, निस्टॅटिन, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन बाईंनी शोधलं आणि १९५० मध्ये जाहीर केलं. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला, आणि मातीचे नमुने दोघींमध्ये टपालानं ये-जा करायचे. औषधातून मिळालेला पैसा त्यांनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाला देऊन टाकला. अण्णा म्हणाले, "या दोघी माझ्या पुस्तकात नव्हत्या." कुठल्याच पुस्तकात नव्हत्या, अण्णा.

पण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की औषध हा अर्धाच उपाय. नुसत्या तोंडाला औषध लावून कवळी तशीच ठेवली तर बुरशी कवळीवरून पुन्हा टाळूवर येते. पंधरा दिवस रात्री कवळी बाहेर, पाण्यात. ब्रश आणि साधा साबण. साखरेवर नजर. तीन आठवड्यांत टाळूवरचं ते चित्र पुसलं गेलं. महिन्यानं अण्णांनी भाकरी मागितली.

पुढं हाड झिजून कवळी ढिली झाली तेव्हा बाईंनी आतून मऊ अस्तर लावलं. अण्णांना ते फार आवडलं, टोचत नाही म्हणून. पण तिथंही तीच कथा. मऊ अस्तर अ‍ॅक्रिलिकपेक्षा लवकर खराब होतं, बुरशी त्यात लवकर मुरते, ते वेळच्या वेळी बदलावं लागतं. धातूची पातळ पट्टी जास्त गुळगुळीत, चहाचा गरमपणा टाळूला कळतो, पण खर्च जास्त. हल्ली कॉम्प्युटरवर आकार ठरवून घट्ट ठोकळ्यातून कोरलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या कवळ्या मिळतात. त्यांची घडण जास्त दाट आणि पृष्ठभाग जास्त गुळगुळीत असतो. कुठलाही पदार्थ घ्या, सुळा, चिनी माती, रबर, अ‍ॅक्रिलिक, आधी बघितलं जातं ते दिसणं, बसणं आणि किंमत. त्यावर काय वाढेल आणि ते कोण धुणार, हे वापरणाऱ्यावर सोडून दिलेलं. आणि वापरणारा म्हणजे बहुतेक वेळा एक म्हातारा माणूस, ज्याचे हात थरथरतात आणि ज्याला पोरं सांगतात की बोळकं दाखवू नका.

२०१५ साली जपानमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. ८५ वर्षांच्या वरच्या ५२४ माणसांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. तोंडातले जंतू झोपेत श्वासावाटे खाली उतरतात. लाजेची किंमत फक्त टाळूपुरती नसते, हे तेव्हा कळलं. मी अण्णांना फोन केला. "काढली का?" ते म्हणाले, "वाटीत आहे. तुझ्या त्या वॉशिंग्टनच्या डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे." पुढं तो आमचा रोजचा रात्रीचा फोनच झाला.

अण्णा २०१८ मध्ये गेले. त्या सकाळी घर भरलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, कवळी बसवा, चेहरा बरा दिसेल, लोक दर्शनाला येतायत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. खो खो हसताना दिसायचा तोच. मी म्हटलं, "नको. राहू दे."

म्हणून तो डबा माझ्याकडे आहे.

आपल्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीजणांच्या तोंडात कवळी असेल! तुमच्या घरात असं कुणी असेल तर एवढंच करा. रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवायला सांगा, उकळत्या पाण्यात नको, ती वाकडी होते. मऊ ब्रश आणि साबण द्या, राखुंडी आणि मंजन लांब ठेवा. घासताना खाली पाण्याची परात ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन त्यांचा टाळू बघा, लाल दिसला तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या आणि साखरही तपासा.

आणि त्यांनी कवळी काढली की तोंड फिरवू नका. तिथंच बसा, गप्पा मारा.